घरकुल : एक शब्द, अर्थ किती?

आज आम्ही एका लहानशा शब्दावर बोलणार आहोत. शब्द आहे ‘घरकुल’.

घराला ‘कुल’ जोडलं की घर लहान होतं आणि लाडकंही होतं. ‘चिमुकलं’, ‘सानुकलं’ म्हणताना जी माया असते, तीच इथे. ओल्या मातीत पाय रोवून पोरी खोपा करतात, ते घरकुल. नवरा-बायकोनं दोन खोल्यांत मांडलेला नवा संसार, तेही घरकुल.

पुढे सरकारी योजना आल्या. इंदिरा आवास, रमाई, शबरी, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास. नावं वेगळी, पण गावात सगळ्यांना एकच शब्द : घरकुल.

आता गंमत बघा. “माझं घरकुल आलं,” असं चौघी म्हणतात. एकीचं फक्त यादीत नाव असतं. दुसरीला मंजुरी मिळालेली असते. तिसरीच्या खात्यात पहिला हप्ता जमा असतो. चौथीच्या डोक्यावर छत असतं. म्हणून विचारा : यादी, मंजुरी, हप्ता की छत? नुसत्या यादीवर विसंबून जुनं घर पाडू नका, कर्ज काढू नका.

कागदावरचं घरकुल मोजूनमापून असतं. प्रधानमंत्री आवास योजनेत, ग्रामीण भागात, स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. केंद्राच्या नियमाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे थेट बँक खात्यात येतात.

आपल्या खान्देशात या शब्दाला कडू चवही आहे. जळगाव शहराच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली. पण तेव्हापासून ‘घरकुल’ म्हटलं की इथे कित्येकांना आधी खटला आठवतो.

शेवटचा अर्थ सर्वांत मोलाचा : घरकुल कोणाचं? याच योजनेच्या नियमात घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर करायचं असतं. विधवा, अविवाहित, विभक्त व्यक्तींचा अपवाद सोडून. तरी ‘घरकुल बाईचं’ असं नुसतं तोंडी ऐकून थांबू नका. मंजुरीच्या कागदावर आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तुमचं नाव आहे का, ते वाचा. वाचता येत नसेल तर गटाच्या पुढच्या बैठकीला कागद घेऊन या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या.