ही ती ऍसिडिटी नव्हे!

छातीत जळजळलं की आधी ओवा, मग थंड दूध, आणि तरी नाही थांबलं तर "सकाळी बघू", हा क्रम आमच्या घरात पूर्वापार चालत आलेला. इंग्लंडात इतकी वर्षं काढूनही तो बदलला नाही. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. दुखणं मात्र एकीचंच.

गणपतीच्या प्रसादाचा रवा भाजताना जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला. छातीत दुखणं असं नाहीच. ओवा झाला, दूध झालं. शेवटी "मला कसंतरीच होतंय" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर ९९९ फिरवला.

खरी पंचाईत पुढेच. "कसंतरीच होतंय" याला इंग्रजीत काय म्हणायचं? आम्ही घाईत "अनकम्फर्टेबल" म्हणालो, आणि भीतीची सगळी धारच गेली. पहिला ईसीजी ठीक निघाला. तरुण डॉक्टर म्हणाले, ऍसिडिटी दिसते. तेव्हा मात्र पेशंटबाई उठून बसल्या: "पंचवीस वर्षं मी ऍसिडिटी ओळखते. ही ती नव्हे. आत काहीतरी बिघडलंय, आणि मी घरी जाणार नाही."

ट्रोपोनिन हे प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढतं, पण त्याला काही तास लागू शकतात. म्हणूनच ही तपासणी पुन्हा करतात. आमची दुसरी तपासणी वाढलेली निघाली. दुसऱ्या दिवशी स्टेंट बसला.

बायकांनाही हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतंच. पण जबडा, पाठ, मळमळ, धाप, विलक्षण थकवा अशी लक्षणंही असतात. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांना हा धोका जास्त, तोही कमी वयात. आणि "आता आपलं काही खरं नाही" असं वाटणं हेदेखील वैद्यकशास्त्राने नोंदलेलं लक्षण आहे, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे आमचं "कसंतरीच" अगदीच अडाणी नव्हतं तर!

मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ साली सेप्सिसने गेली. आईवडिलांची काळजी डॉक्टरांनी मनावर घेतली नव्हती. त्यानंतर २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत "मार्थाज रूल" टप्प्याटप्प्याने आला. प्रकृती ढासळतेय असं वाटलं, तर दाखल पेशंट किंवा घरचे दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागू शकतात. शिवाय "आज तुम्हाला कसं वाटतंय?" हे पेशंटला रोज विचारून नोंदवायचं. आपल्या भिडस्त माणसांनी हे नाव पाठच करून ठेवावं.

आतला आवाज दरवेळी खरा असतो असंही नाही बरं का. स्टेंटनंतर आम्ही दोनदा रात्री धावत गेलो. दोन्ही वेळा निघाली ती ऍसिडिटीच. दुसऱ्या खेपेला आम्ही ओशाळून माफी मागू लागलो, तर नर्सबाई म्हणाल्या, "पुन्हा वाटलं तर पुन्हा या," आणि दोघांना चहा आणून दिला.