शाळकरी संशोधक व त्यांच्या स्पर्धा

१९४२ सालीं, अमेरिका महायुद्धांत उतरून कांहीं महिनेच लोटले असतां, त्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून चाळीस शाळकरी मुलामुलींना वॉशिंग्टन या राजधानीच्या शहरीं बोलाविण्यांत आलें. हीं मुलें गायनाच्या अगर वक्तृत्वाच्या चढाओढीसाठीं आलेलीं नव्हतीं. हायस्कुलाच्या शेवटच्या वर्गांतील तीन हजारांहून अधिक उमेदवारांतून त्यांची निवड झाली होती. त्यांनीं शास्त्रविषयाची एक कठीण परीक्षा दिली होती, आणि युद्ध जिंकण्याच्या कामीं शास्त्राचें साह्य कसें होईल या विषयावर निबंध लिहिले होते. स्पर्धेसाठीं लागणारा पैसा वेस्टिंगहाउस या विजेचीं यंत्रें तयार करणाऱ्या कंपनीनें दिला होता व ती चालविण्याचें काम सायन्स सर्व्हिस या संस्थेनें पत्करलें होतें. ही संस्था १९२१ सालीं स्क्रिप्स नांवाच्या एका वृत्तपत्रमालकानें स्थापन केली. शास्त्रीय शोधांच्या वार्ता सामान्य वाचकांपर्यंत शुद्ध स्वरूपांत पोंचाव्यात हा तिचा मूळ हेतु. वार्ता वाचणारे तयार करतां करतां शोध लावणारेही हेरावेत, असा विचार पुढें आला व त्यांतून ही स्पर्धा जन्मास आली.

युद्ध संपलें, पण स्पर्धा टिकली. निबंधाच्या जागीं पुढें विद्यार्थ्यानें स्वतः केलेल्या संशोधनाचा अहवाल आला, आणि तोच तिचा गाभा होऊन बसला. १९९८ पासून इंटेल या कंपनीनें व २०१७ पासून रिजेनेरॉन या औषधांच्या कंपनीनें तिचा भार उचलला. पहिल्या वर्षीं सर्वांत मोठी शिष्यवृत्ति २,४०० डॉलरांची होती; २०१७ पासून पहिलें पारितोषिक अडीच लाख डॉलरांचें झालें. अंतिम फेरीसाठीं चाळीसजण निवडावयाचे, हा पहिल्या वर्षाचा आंकडा मात्र कायम राहिला. या चाळीसांत १९४७ सालीं लिऑन कूपर, १९५० सालीं शेल्डन ग्लॅशो व १९६७ सालीं फ्रँक विल्चेक होते. तिघांनाही पुढें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. कूपर यांना १९७२ मध्यें, ग्लॅशो यांना १९७९ मध्यें आणि विल्चेक यांना २००४ मध्यें. कूपर व ग्लॅशो हे दोघेही न्यूयॉर्कमधील ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स या एकाच सरकारी शाळेचे विद्यार्थी.

अशीं नांवें ऐकिलीं म्हणजे आईबापांचे डोळे दिपतात. परंतु येथें थोडें थांबावयास हवें. जीं मुलें हजारोंतून निवडलीं गेलीं, तीं स्पर्धा नसती तरीही बहुधा शास्त्राकडेच वळलीं असतीं. स्पर्धेनें शास्त्रज्ञ घडविले कीं घडत असलेले शास्त्रज्ञ ओळखले, याचा निवाडा नोबेलच्या यादीवरून होत नाहीं. स्पर्धेचा खरा उपयोग पाहावयाचा तर जें मूल हरलें त्याच्या वहींत पाहावयास पाहिजे.

पण वहींत काय असतें? आपल्याकडे शाळेचें शास्त्रप्रदर्शन म्हटलें कीं, सोडा व व्हिनेगर घालून उसळविलेला मातीचा ज्वालामुखी, पंख्याच्या वाऱ्यानें फिरणारी पवनचक्की, थर्माकोलची सूर्यमाला, हीं डोळ्यांपुढें येतात. तीं करण्यांत हस्तकौशल्य असतें व मौजही असते. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र तें संशोधन नव्हे. ज्वालामुखी उसळणार हें मांडणाऱ्यास ठाऊक असतें, पाहणाऱ्यासही ठाऊक असतें. संशोधनाचा आरंभ ज्याचें उत्तर अद्याप हातीं नाहीं अशा प्रश्नापासून होतो, मग तो प्रश्न केवढाही लहान असो.

समजा, नगर अगर सोलापूरकडील एका नववींतल्या मुलीनें आजीच्या तोंडून ऐकलें कीं, जुन्या माठांत पाणी गार होत नाहीं, दरसाल नवा माठ घ्यावा. ही समजूत खरी कीं खोटी, हा झाला प्रश्न. माठांतील पाणी गार कां होतें हें तिनें पुस्तकांत वाचलें आहे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतें, तेथें त्याची वाफ होते, व वाफ होण्यासाठीं लागणारी गुप्त उष्णता आंतल्या पाण्यांतून ओढली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास उन्हाळ्याच्या हवेंत सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. माठांत दहा किलो पाणी असून त्यांतील दोनशें ग्रॅम उडून गेलें, तर १,१६,००० कॅलरी गेल्या. बाहेरून उष्णता मुळींच आंत आली नाहीं असें धरलें तर उरलेलें पाणी साडेअकरा अंशांहून अधिक उतरावयास हवें. प्रत्यक्षांत तें इतकें उतरत नाहीं, कारण भोंवतालची तप्त हवा माठाला सारखी उष्णता पुरवीत असते. शिवाय हवेच्या कोरडेपणानें ठरणारी एक पायरी असते, तिच्याखालीं तें कितीही वेळ ठेवलें तरी जात नाहीं. आतां जुन्या माठाचा दोष काय असावा? विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यांतील क्षार छिद्रांत बसून तीं बुजत असतील, हा तिचा तर्क. तर्क बरोबर असेल तर जुन्या माठाचें वजन दिवसभरांत कमी घटेल.

येथवर सर्व सोपें आहे. खरी परीक्षा यापुढें. एक नवा व एक जुना माठ घेऊन निकाल लावतां येत नाहीं, कारण दोन नवे माठसुद्धां कुंभाराच्या हातून सारखे उतरत नाहींत; एकाचें बूड जाड, दुसऱ्याचें पातळ. म्हणून तीन नवे व तीन जुने हवेत. मातींतून मुळींच न पाझरणारें एक स्टीलचें भांडें बाजूस हवें, म्हणजे केवळ खोलीच्या तापमानामुळें काय घडतें तें कळेल. कोरा माठ प्रथम पाणी पितो, तेव्हां नवे माठ अगोदर दोन दिवस भरून ठेवावयास हवेत. खिडकीजवळचा माठ वाऱ्यामुळें अधिक गार होईल, यासाठीं दररोज त्यांच्या जागा बदलावयास हव्यात. सर्वांत तेवढेंच पाणी, सर्वांवर तसलेंच झांकण. सकाळीं वजन, संध्याकाळीं वजन, दुपारीं दर तासाला थर्मामीटर, आणि हें पंधरा दिवस. मध्येंच पाहुण्यांनीं एखाद्या माठांतील पाणी पिऊन टाकलें तर त्या दिवसाचा आंकडा खोडावयाचा व कां खोडला तें समासांत लिहावयाचें. याला लागणारें सामान किती? काटा वाण्याकडून मागून आणतां येईल, पण तो दहापंधरा ग्रॅमांचा फरक दाखवितो कीं नाहीं हें अगोदर पाहून घ्यावें लागेल, थर्मामीटर शाळेचा. प्रयोगशाळा म्हणजे माजघर.

आणि समजा, पंधरा दिवसांनंतर असें दिसलें कीं, तीन नव्या माठांत आपसांत जेवढा फरक आहे, तेवढाच नव्याजुन्यांत आहे. अर्थात् आजीचें म्हणणें या माठांपुरतें सिद्धही होत नाहीं, खोटेंही ठरत नाहीं. पुष्कळ मुलें या ठिकाणीं रडकुंडीस येतात, व कांहीं आंकडे ‘सुधारतात’. शाळेंतील प्रयोगांनींच त्यांना ती संवय लावलेली असते; पुस्तकांतील उत्तर आलें तरच गुण, मग उत्तरावरून आंकडे रचणें आलेंच. ज्या मुलीनें निकाल जसाचा तसा मांडला व आणखी किती माठ घेतले असते तर फरक उघड झाला असता याचा विचार केला, तिनें जुळवून आणलेल्या उत्तरापेक्षां मोलाची वस्तु मिळविली. जाणत्या परीक्षकाला हें चटकन् कळतें.

परीक्षक कसे ओळखतात, हेंही सांगण्यासारखें आहे. वॉशिंग्टनच्या अंतिम फेरींत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाविषयीं प्रश्न होतातच. परंतु ज्याचा त्यांच्या प्रकल्पाशीं कांहींच संबंध नाहीं, असेही प्रश्न त्यांना घालण्याची तेथें रूढि आहे. जीवशास्त्राच्या मुलाला ताऱ्यांविषयीं विचारावें, गणिताच्या मुलीला पेशींविषयीं. उत्तर अचूक यावें ही अपेक्षा नसते. अनोळखी प्रश्नाला मूल हात कसा घालतें, ठाऊक नाहीं असें मोकळेपणानें म्हणून पुढें विचार करूं लागतें कीं पाठ केलेलें बोलूं लागतें, हें पाहावयाचें असतें. दुसऱ्यानें लिहून दिलेल्या अहवालाचा पोकळपणा अशा वेळीं फार काळ झांकून राहत नाहीं.

याच संस्थेनें १९५० सालीं फिलाडेल्फिया येथें दुसरी एक स्पर्धा सुरू केली. तिचें स्वरूप जत्रेसारखें. विद्यार्थी आपले तक्ते मांडून उभे राहतात व परीक्षक फिरत येऊन बोलतात. आरंभीं त्यांत तीस विद्यार्थी होते. १९५८ मध्यें इतर देशांचीं मुलें येऊं लागलीं व जत्रा आंतरराष्ट्रीय झाली. अलीकडे तींत साठांहून अधिक देशांचे दीड हजारांवर विद्यार्थी येतात, भारतांतीलही. तिचे नियम वाचले तर प्रथमदर्शनीं वकिलाचें काम वाटतें. माणसांवर वा कशेरुक प्राण्यांवर कांहीं करावयाचें असेल, रोगजंतु हाताळावयाचे असतील, तर काम सुरू करण्याच्या आधीं आराखडा लिहून समितीची संमति घ्यावी लागते. नंतर घेतलेली संमति चालत नाहीं. या कडकपणाला कारणें आहेत. १९६९ सालीं वॉशिंग्टनच्या स्पर्धेंत एका विद्यार्थिनीनें चिमण्यांना आंधळें करून केलेल्या प्रयोगाला पारितोषिक मिळालें, आणि प्राणिमित्रांनीं मोठा गहजब केला. तो अनाठायीं नव्हता. त्यानंतर कशेरुक प्राण्यांना इजा होईल असे प्रयोग त्या स्पर्धेंत बंद झाले. मुलाच्या जिज्ञासेला मर्यादा घालावी काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचें उत्तर त्या चिमण्यांनीं देऊन ठेवलें आहे.

आपल्या देशांत या धर्तीची मोठी योजना १९६३ सालीं निघाली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें दिल्लींत दहा शिष्यवृत्त्या ठेवून तिचा प्रारंभ केला. १९६४ सालीं ती सर्व देशांत लागू होऊन शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. लेखी परीक्षा, विद्यार्थ्याचा प्रकल्प-अहवाल व मुलाखत अशा तीन अंगांनीं निवड होई. १९७६ मध्यें तिचें रूप पालटलें. शास्त्राबरोबर इतर विषय आले, शिष्यवृत्त्या वाढल्या, पर्यायी उत्तरांच्या परीक्षा आल्या, आणि प्रकल्प-अहवाल निवडींतून गळाला. हजारो अहवालांपैकीं कोणता विद्यार्थ्याचा व कोणता काकांचा, हें ठरविणें सोपें नव्हतें हें खरें. तरी गेलेली वस्तु लहान नव्हती. खुणा करावयाच्या प्रश्नपत्रिकेंत चलाख मूल वर येतें. पंधरा दिवस चिकाटीनें माठ तोलणारें मूल तींत दिसत नाहीं.

ती उणीव पुढें दुसरीकडून थोडीफार भरून निघाली. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनें १९८१ पासून सहावी व नववीच्या मुलांसाठीं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालविली. तींत लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग, प्रकल्प व मुलाखत यांचा अंतर्भाव आहे, व महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांतून तिचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. १९९३ सालीं राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं गट करून आपल्याच गांवच्या एखाद्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा, जिल्हा, राज्य व देश अशा पायऱ्यांनीं तो मांडावयाचा, आणि तोही स्वभाषेंत मांडण्याची मोकळीक, ही तिची रीति. या मोकळिकीचें महत्त्व शहरांतील इंग्रजी शाळांच्या पालकांस कदाचित् जाणवणार नाहीं. खेड्यांतील मुलगा ओढ्याच्या पाण्याविषयीं मराठींत बोलतो तेव्हां तो स्वतःचें पाहिलेलें सांगतो. इंग्रजींत बोलावयास लावला कीं पाठ केलेलें सांगूं लागतो.

आतां खरी अडचण. स्पर्धा मोठी झाली, पारितोषिक मोठें झालें, कीं वडील माणसांचा मोह वाढतो. अमेरिकेंत आज अनेक विजेते विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत, नामांकित शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं काम केलेले असतात. तें गैर नव्हे. परंतु ज्या मुलाच्या घराजवळ विद्यापीठ नाहीं, ज्याच्या वडिलांची प्राध्यापकांशीं ओळख नाहीं, त्यानें त्यांच्या शेजारीं कसें उभें राहावें? यावर पूर्ण तोडगा कोणास सांपडलेला नाहीं. आंतरराष्ट्रीय जत्रेंत एक उपाय योजला आहे. जेथें काम झालें तेथील शास्त्रज्ञाला एका नमुन्यावर लिहून द्यावें लागतें कीं, कल्पना कोणाची, साधनें कोणीं हाताळलीं व विद्यार्थ्यानें स्वतः काय केलें. तो कागद तक्त्यापाशीं सर्वांस दिसेल असा ठेवावा लागतो.

आपल्याकडे तसा कागद असो वा नसो, घरांत त्याची जागा ठरलेली असावी. वडिलांनीं वजनकाटा आणून द्यावा, आईनें माठांना कोणी हात लावूं नये अशी ताकीद द्यावी, शिक्षकानें आंकडे पाहून ‘जागा बदलल्या होत्यास काय?’ इतकेंच विचारावें. लिहिणें मात्र मुलीचें. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी चालतील. निकाल लागून गेल्यावर ते सहा माठ टाकून देण्याचें कारण नाहीं. जूनमध्यें पावसाळी हवा सुरू झाली कीं तींच भांडीं पुन्हां मांडावींत, म्हणजे दमट हवेंत वजन किती घटतें हें दिसेल. आणि कोंकणांतील मावशीकडे जाणें झालें तर थर्मामीटर बरोबर न्यावा.