बिल्ल्यांनी अभ्यास होतो का?

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात ऑनलाइन अभ्यासाचा फोन बहुधा मुलाचा नसतोच. तो घराचा असतो आणि वडिलांबरोबर संध्याकाळी शेतातून परततो. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत वर्ग या फोनवर आला. मुलांना खिळवून ठेवण्यासाठी अभ्यासाची अनेक अ‍ॅप गुण, बिल्ले, रोजच्या हजेरीची न तुटणारी साखळी आणि क्रमवारी वापरतात. त्यामुळे अ‍ॅप उघडलं जातं, हे खरं. पण खेळात मूल रमतं ते बक्षिसापेक्षा चूक लगेच कळते आणि पुन्हा डाव मिळतो म्हणून. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश म्हणजे दोन सप्तमांश, असं उत्तर देणाऱ्या मुलाला नुसती लाल फुली दाखवून काय साधणार? त्याच क्षणी भाकरीचे बारा तुकडे दाखवले, त्यातले चार आणि तीन त्यालाच उचलायला लावले, तर चुकीचंच शिकण्यात रूपांतर होतं.

बक्षिसाचा तोटाही होऊ शकतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगून प्रशस्तिपत्रं दिली. एक-दोन आठवड्यांनी ती मुलं चित्रांपाशी इतरांच्या निम्माच वेळ रमली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे घात केला तो ठरवून दाखवलेल्या आमिषानं.

यावर कुणी म्हणेल, ज्याला अभ्यासाची गोडीच नाही, त्याला निदान बसवायला तरी बिल्ला हवाच. हा आक्षेप रास्त आहे. सायलर आणि होमनर या संशोधकांनी २०२० मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा खेळाच्या घटकांचा शिकण्यावर छोटा, पण अनुकूल परिणाम दिसला. मात्र काटेकोर प्रयोगांपुरतं पाहिलं तर प्रेरणेवरचा परिणाम तितका भक्कम राहिला नाही. स्पर्धेला सहकार्याची जोड मिळाली, तिथे शिकणाऱ्यांची कामगिरी अधिक सुधारली. एका फोनभोवती चार भावंडं बसतात, त्या गावाला हे सोयीचंच आहे. याउलट रेंज गेली म्हणून साखळी तुटली आणि नाव खाली घसरलं, तर ती शिक्षा मुलाला नव्हे, त्याच्या परिस्थितीला होते. वैयक्तिक क्रमवारी म्हणूनच मला अन्यायाची वाटते.

शिक्षकांनी अ‍ॅप निवडताना बिल्ले मोजू नयेत. एक उत्तर मुद्दाम चुकवून पाहावं आणि अ‍ॅप पुढे काय शिकवतं, त्यावरूनच ते मुलांच्या हाती द्यायचं की नाही, हे ठरवावं.