बोटांचा दर

भोसरीतल्या एका गल्लीत, शटर अर्धं वर ओढलेल्या एका प्रेस शॉपमध्ये गेल्या पावसाळ्यात तासभर उभा होतो. मालकाच्या ओळखीने आत गेलो होतो, म्हणून नाव सांगत नाही. पॉवर प्रेसवर विशीतला एक मुलगा पत्र्याचे तुकडे डायवर ठेवत होता. वरून पंच यायचा, धप्प आवाज व्हायचा, तयार तुकडा बाजूला पडायचा. मशीनला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच पंच खाली यावा, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात डायबाहेर असतील, अशी त्यामागची साधी अक्कल. पण डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. डावा हात माल भरायला मोकळा. डायपुढे लावायची जाळी भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता.

“गार्ड लावला की माल कमी निघतो,” मुलगा म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. पाऊस पडतोय म्हणावं, तसं.

बोट जातं ते असं. अपघात झाला की ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ हे वाक्य तयार असतं. पण शिफ्टमध्ये हजारो वेळा तीच हालचाल करणाऱ्या माणसाचं लक्ष एकदा चुकणारच, हे गृहीत धरूनच तर जाळी आणि दोन बटणं असतात. कारखाना अधिनियम १९४८ चं २१ वं कलम हेच मानत होतं. यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम आवरण हवं आणि यंत्र चालू असताना ते जागेवर हवं. कामगार हुशार आहे की धांदरट, याची चौकशी ते कलम करत नव्हतं.

आता दुसरं टोक बघा. बोट गेल्यावर कायदा किती काटेकोर होतो! १९२३ च्या भरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या तुकड्यांची यादी होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, तिची दोन पेरं गेली तर ११, एकच गेलं तर ९. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चार बोटं गेली की ५० टक्के. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाची तर्जनी घेऊ. पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये. त्याला वयाच्या कोष्टकातल्या २१६.९१ ने गुणायचं आणि त्याचे १४ टक्के काढायचे. हातात येतात सुमारे २ लाख ७३ हजार रुपये. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नकळत स्वतःचा हात समोर धरून बघितला होता.

पण ही यादी मिळणं हीसुद्धा लढाईच होती. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारदरबारी दिला. आठवड्याच्या सुट्टीची मागणी आपल्याला पाठ असते. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय करावी. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. भरपाईच्या कायद्याला १९२३ साल उजाडलं.

गंमत म्हणजे यंत्राला आवरण घालण्याची सक्ती त्याहून जुनी, १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातली. मग भोसरीतल्या जाळीवर टॉवेल का?

कारण कलम आणि यंत्र यांच्यामध्ये एक माणूस लागतो, फॅक्टरी इन्स्पेक्टर. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ मध्ये मान्य केला. त्यानुसार निरीक्षकाला दिवसा-रात्री कधीही, पूर्वसूचना न देता कारखान्यात शिरता आलं पाहिजे. पण ‘इन्स्पेक्टर राज’ या शब्दाने गेल्या काही वर्षांत असं काही घर केलं, की अचानक तपासणी हाच जणू गुन्हा ठरला. हप्तेखोरी होती, हे कुणी नाकारत नाही. पण चोर निघाले म्हणून गस्तच बंद करायची, हा न्याय मला पटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे. कोणत्या आस्थापनेची तपासणी करायची हे संगणक ठरवू शकतो. मालकाच्या कसुरीने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना द्या असं न्यायालय सांगू शकतं. ही तरतूद चांगलीच आहे. पण ‘कारखाना’ ठरायला आता विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० कामगार लागतात, आणि यंत्रसुरक्षेचे तपशील सरकारने जाहीर करायच्या मानकांवर सोपवले आहेत. त्या शॉपमध्ये मी सात माणसं मोजली.

मोठ्या गाड्यांचे छोटे भाग अशाच गल्ल्यांत घडतात. वाहनउद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यांत पॉवर प्रेस हे बोटं जाण्याचं ठळक कारण म्हणून पुनःपुन्हा येतं. आणि अनेकांच्या हातात कर्मचारी राज्य विमा योजनेचं, म्हणजे ईएसआयसीचं, कार्ड पडतं ते अपघात झाल्यानंतर. म्हणजे रक्त पुसता पुसता नाव नोंदवायचं.

निघताना त्या मुलाला विचारलं, कार्ड आहे का? ठेकेदार करून देणार आहे, म्हणाला. चार महिने झाले होते.

तुमच्या घरातलं, शेजारचं, गावाकडचं कुणी प्रेसवर कामाला लागलं असेल, तर पहिल्याच आठवड्यात त्याला ईएसआयसीचा विमा क्रमांक मागून घ्यायला सांगा. तो तुम्ही स्वतः बघा. आणि या विमा योजनेत न बसणाऱ्या कुणाचं बोट आधीच गेलं असेल, तर नुकसानभरपाईचा दावा करायला अपघातापासून दोन वर्षं मिळतात, हेही त्याला कळवा.