रेशमी दोर कशाला? काथ्या घ्या!

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. आता दादर-परळच्या टॉवरांतली पोरंही रविवारी दुपारी वीस बाजूंचा फासा टाकून ड्रॅगन लोळवतात. त्यातल्या कुणी खलाशाचं पात्र घेतलं, की २०१४ च्या नियमपुस्तकानुसार त्याला मिळतं ते असं: जहाजावर दोर अडकवायची लाकडी खुंटी, ५० फूट रेशमी दोर, सशाच्या पायासारखी एखादी शुभ वस्तू, साधे कपडे आणि १० सोन्याची नाणी.

रेशमी? त्याच पुस्तकात या दोराची किंमत १० नाणी आहे आणि साध्या दोराची एक! आंग्र्यांच्या आरमारातला खलाशी हे ऐकून पोट धरून हसला असता. कोकणात दोर काथ्याचा. खाऱ्या पाण्यात तो सहजी कुजत नाही आणि पाण्यात पडला तर तरंगतो, म्हणजे आकडी टाकून परत ओढता येतो. रेशमाचा दोर विका, काथ्या घ्या, उरलेल्या पैशांत मासळी आणा. खुंटी मात्र जपून ठेवा. हाणामारीत खलाशाच्या हाताला आधी तीच लागते.

चिलखतवाल्याला किनाऱ्यावर सोडा

खेळातल्या अख्ख्या पोलादी चिलखताचं वजन ६५ पौंड, म्हणजे जवळपास ३० किलो. ते घालून डोलकाठीवर चढणारा थेट तळाला. कोळ्यांचा सुरका आणि बंडी यापेक्षा शहाणा पोशाख जहाजावर नाही: ओल्या कापडाचा घोळ नाही, पाय मोकळे.

झोपायला झोळी. ब्रिटिश नौदलात माणशी रुंदी मिळायची १४ इंच. गिरगावातल्या चाळीत सुट्टीला आलेले पाहुणे ज्याने सामावून घेतलेत, त्याला यात काही विशेष वाटणार नाही.

जहाज कुठलं घ्याल?

मोठ्या युरोपीय जहाजांच्या मोहात पडू नका. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या जहाजांचं बारकाईने वर्णन केलंय. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तिच्या निमुळत्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत बहुधा ७० टनांच्या आतलं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. खरी गंमत वारा पडल्यावर. शत्रूचं अजस्र जहाज शिडं लोंबवत जागीच उभं, आणि इकडे वल्हवणारी गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणतात. मग गाठायचं मागून, कारण जहाजाच्या पिछाडीला तोफा कमी. खेळ चालवणाऱ्याने हा एकच प्रसंग नीट रंगवला तर अख्खी दुपार त्यात निघते.

कल्पना म्हणून नको असेल तर घडलेलं घ्या. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटाला तटबंदी घालत होता. इंग्रजांनी जहाजं आणून नाकेबंदी केली, तरी रात्रीच्या अंधारात छोट्या होड्या रसद पोचवतच राहिल्या. १८ ऑक्टोबरला महाराजांच्याच दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला आणि इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज पकडलं. आज खांदेरीच्याच नावाची पाणबुडी आपल्या नौदलात आहे. आयएनएस खांदेरी, बांधणी माझगाव डॉकची, २०१९ पासून सेवेत.

टोळीत झाडांचा कैवारी ड्रुइड असेल आणि लाकूडतोडीवरून तो कटकट करत असेल, तर त्याला रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' दाखवा. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, आणि जुनं झालेलं झाड तोडायचंच तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, असं त्यात बजावलंय.

लाकूड सागाचं असेल तर जहाज किती टिकतं? वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. इंग्लंडातल्या हार्टलपूलला ते आजही तरंगतंय.

दिशा आणि दैव

जादूचा नकाशा महाग असतो, त्याऐवजी 'कमाल' घ्या. छोटी लाकडी पट्टी आणि तिला गाठी मारलेली दोरी. गाठ दातात धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेशी ध्रुवतारा जुळवायचा. गाठीवरून आपण उत्तर-दक्षिण किती सरकलो ते कळतं. अरबी समुद्रातल्या नाखव्यांनी शतकानुशतकं हेच केलं. जोडीला दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. खोली तर कळतेच, पण बुडाला चरबी फासली की तळची वाळू किंवा चिखल चिकटून वर येतो.

आणि सशाचा पाय? आपल्याकडे सशाला कोण त्रास देतो! नाळेला लिंबू-मिरची बांधा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्या. वाडियांच्या गोदीत नव्या जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकायची रीत होती, तोही चालेल. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ मध्ये उभं केलं ते कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनीच. तेव्हा देव निवडायलाही लांब जायला नको.

शेवटी पोट

१७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले आणि जोडी-जोडीने वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं खाणारी जोडी आठवड्याच्या आत सावरली. म्हणजे लिंबाची टोपली हे तुमचं सर्वात स्वस्त औषध. तिखट-मसाल्याला लालबाग आहेच.

अन्नात काटकसर केलीत तर काय होतं, तेही याच शहरात घडलंय. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध काम थांबवलं. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नौसैनिक उठावात उतरले, आणि २२ तारखेला परळ-लालबागचे गिरणी कामगारही त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. तेव्हा पुढच्या रविवारी जो कॅप्टन होणार असेल त्याने सामानाच्या यादीत तलवारीच्या आधी तांदूळ, डाळ आणि सुके बोंबील लिहावेत.