जुन्या मालमोटारीचा जीर्णोद्धार : आधी ब्रेक, मग इंजिन

जुनी विहीर उपसून, तिची ढासळलेली बाजू बांधून काढून ती पुन्हा वापरात आणणे आपल्या शेतकऱ्यास नवीन नाही. विहीर तीच राहते, पाणीही तेच असते. मात्र मोटेच्या जागी पंप येतो. जुने न मोडता त्यात नव्याची सोय करून घेण्याची हीच दृष्टी अमेरिकेतील अनेक शेतकरी व हौशी कारागीर आपल्या जुन्या पिकअप गाड्यांच्या बाबतीत ठेवतात. त्यांच्या कामाचा क्रम समजून घेतल्यास आपल्याकडील जुन्या जीप व मालमोटारी वापरणारांसही त्यातून बरेच शिकण्यासारखे आहे.

गाडीची ओळख

पिकअप म्हणजे पुढे दोघा-तिघांना बसण्यापुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली लहान मालमोटार होय. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, शेव्हरोले कंपनीने ‘अॅडव्हान्स डिझाइन’ या नावाची मालिका बाजारात आणली व १९५५ च्या प्रारंभापर्यंत ती चालू ठेवली. तीपैकी ‘३१००’ ही अर्ध्या टनाची गाडी शेतकऱ्यांत विशेष लोकप्रिय झाली. या कंपनीची मातृसंस्था जनरल मोटर्स हिचा जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ पर्यंत मुंबईतही होता; त्यामुळे शेव्हरोले हे नाव आपल्याकडील जुन्या पिढीस अपरिचित नव्हते.

प्रारंभीच्या ३१०० गाडीस २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे व ९० अश्वशक्तीचे इंजिन असे. विजेची व्यवस्था ६ व्होल्टची असे. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या बसविलेल्या असत. खडबडीत वाटेवर मंद गतीने माल ओढण्यास ही गाडी उत्तम होती. आजच्या वेगवान रस्त्यांचा विचार मात्र तिच्या रचनेत नव्हता.

प्रथम तपासणी

धान्याच्या कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिलेली अशी गाडी बाहेर निघाली, की तिला रंग देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जाणकार कारागीर प्रथम गाडी सुटी करतात, प्रत्येक भागास चिठ्ठी बांधतात आणि सांगाडा घासून त्यास कोठे तडा गेला आहे काय हे पाहतात. केबिनचे खालचे कोपरे व पायरीलगतचा पत्रा येथे पाणी व माती साचून गंज हटकून लागतो. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग चढविणे म्हणजे किडक्या तुळईवर चुना लावण्यासारखे आहे. तेवढा भाग कापून तेथे नवा पत्रा जोडावा लागतो. हौद्याच्या फळ्या बदलताना खालच्या बाजूसही तेल अथवा रंग द्यावा, कारण ओल तेथूनच शिरते.

ब्रेक : सर्वांत महत्त्वाचा बदल

या कामात वारंवार होणारी चूक अशी, की मालक प्रथम जोरदार इंजिन बसवितो आणि ब्रेकचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलतो. धावण्याची शक्ती वाढली व थांबण्याची तेवढीच राहिली, तर ती सुधारणा नव्हे. तो अपघातास दिलेला निमंत्रणाचा विडा होय.

जुन्या व्यवस्थेत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच मार्गाने दाब पोहोचतो. एखादी नळी फुटली, तर चारही ब्रेक एकदम जातात. दुहेरी मास्टर सिलिंडरात पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्याने गाडी थांबविता येते. अमेरिकेतील मोटारींत ही रचना १९६७ पासून सर्रास आली. म्हणून जीर्णोद्धारात ती पहिल्याने बसवितात.

त्याबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देतात. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो व शूपासून दूर सरतो. मग पेडल अधिक दाबूनही पकड कमी मिळते. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते, भिजली तरी लवकर कोरडी होते. या गाडीचा मास्टर सिलिंडर मुळात केबिनच्या तळाखाली असल्याने चाकांकडील तेल मागे उतरण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी नळीत किंचित दाब राखणारी लहान झडप बसवावी लागते. मागे ड्रम व हातब्रेक कायम ठेवतात.

येथे एक परीक्षा ध्यानात ठेवावी. उभ्या गाडीत ब्रेकचे पेडल घट्ट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जाऊ लागले, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर झिजला आहे असे समजून गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेकच्या भांड्यात इंजिनचे तेल कधीही ओतू नये. त्याने आतील रबरी वाट्या फुगतात व ब्रेक निकामी होतात.

वीज, वेग व इंधन

दुसरा बदल ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टची व्यवस्था हा होय. ६० वॅटचा दिवा ६ व्होल्टवर १० अॅम्पिअर प्रवाह घेतो, १२ व्होल्टवर केवळ ५ अॅम्पिअर. प्रवाह निम्मा झाल्याने तारांत वीज कमी वाया जाते व उजेड चांगला पडतो. अर्थात दिवे, कॉइल व इंधनदर्शक यांची जुळणीही बदलावी लागते. मूळ गाडीस मागे एकच दिवा असे. आता दोन दिवे व वळण दाखविणारे दिवेही लावतात.

तिसरा बदल मागच्या आसाच्या दात्यांचा. मुळात चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनकडील दांडा ४.११ फेरे घेतो. ३.५५ चे दाते बसविल्यास ज्या वेगास इंजिन ३,००० फेरे घेत होते, तेथे सुमारे २,६०० पुरतात. इंजिनवरील ताण कमी होतो. पण चाकाची ओढही तेवढ्याच प्रमाणात घटते. ज्यास नित्य भारी ओझे वाहावयाचे आहे, त्याने मूळचेच दाते ठेवावेत.

१९४९ पासून या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आसनामागे होती. ती हौद्याखाली हलविणे हिताचे असते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाही, त्या बदलाव्यात. आसनपट्टे नुसत्या पत्र्यास न जोडता मागे जाड पट्टी देऊन घट्ट बसवावेत.

एवढे करूनही बाहेरून गाडी तीच दिसते. पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, गोलसर केबिन, लाकडी हौदा हे सर्व कायम राहते. जुन्याचा मान राखणारी सुधारणा ती हीच.

आपल्याकडील नियम

आपल्या गावात असे काम करावयाचे असल्यास कायदा आधी पाहावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. ५० वर्षांहून अधिक जुन्या वाहनांसाठी २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम झाले. ती नोंदणी मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनासच मिळते आणि अशा वाहनाने व्यापारी वाहतूक करता येत नाही. तेव्हा गाडी ठेवा म्हणून जपावयाची की कामास जुंपावयाची, हे मालकाने प्रथम ठरवावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती आपल्या गावातील गाडीमालकांस व गॅरेजवाल्यांस अवश्य सांगावी. बाजाराच्या दिवशी जुन्या जीपच्या हौद्यात माल असतो, तशी मुलेमाणसेही बसलेली दिसतात. वास्तविक ती तेथे बसूच नयेत. परंतु त्या जीपच्या रंगापूर्वी तिच्या ब्रेककडे पाहण्याची सवय जरी लागली, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.