दोन जागा मिळाल्या. मुलीने कोणती घ्यावी?

बारावीचा आणि सी.ई.टी.चा निकाल लागला की खेड, मावळ, हवेलीकडील पुष्कळ घरांत हल्ली एक नवाच पेच पडतो. पूर्वी प्रवेश मिळेल की नाही याची काळजी असे. आता एकाच मुलीच्या हाती दोन जागा असतात आणि सोडायची कोणती हे ठरत नाही. बारावीला गणित घेतलेल्या मुलीला आकुर्डी-तळेगावकडच्या खाजगी कॉलेजात अभियांत्रिकीची जागा मिळते, आणि धुळ्याच्या किंवा कोल्हापूरच्या सरकारी कृषी महाविद्यालयातही नाव लागते. दोन्ही प्रवेशांच्या फेऱ्या वेगळ्या, तारखाही वेगळ्या. मग घरात रात्री उशिरापर्यंत खल चालतो. चुलते एक सांगतात, मामा दुसरे, आणि जिला चार वर्षे शिकायचे ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते.

चाकण भागात अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते, "कंपन्या आपल्या दारात आहेत, मग इंजिनियरच कर." कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. पुढे येथे बजाजचा कारखाना आला, 2009 साली फोक्सवॅगन आली, त्यामागून महिंद्रा आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना कारखान्याचे गेट रोज दिसते, म्हणून असे वाटणे साहजिक आहे. परंतु गेट जवळ असल्याने नोकरी जवळ येत नाही. यंत्रावर काम करायला कारखान्याला आय.टी.आय. आणि डिप्लोमा झालेली मुले लागतात. पदवीधर इंजिनियर घेताना कंपनी शाखा पाहते, गुण पाहते, मुलाखत घेते. मुलगी कोणत्या गावची हे कोणी विचारीत नाही. तेव्हा कंपन्यांच्या दाराचा हिशेब बाजूला ठेवून दोन्ही जागा तोलाव्यात.

आता शेतकीचे. मी स्वतः शेतकीचा पदवीधर, त्यामुळे माझे माप थोडे त्या बाजूला झुकणार, हे वाचकांनी धरूनच चालावे. बी.एस्सी. ॲग्री म्हणजे पुन्हा नांगर धरणे, असा समज अजून आहे. चार वर्षांत मुलगी माती, कीड-रोग, बी-बियाणे, अर्थशास्त्र शिकते. शेवटच्या वर्षी गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर कामाचा अनुभव घेते. पुढे राज्यसेवेच्या परीक्षा, बँकेतील कृषी अधिकाऱ्याची जागा, बियाणे कंपन्या अशा वाटा आहेत. खते आणि कीटकनाशके विकण्याच्या परवान्यालाही ही पदवी चालते. तळेगावला औद्योगिक महामंडळाने फुलशेतीसाठी वेगळे क्षेत्र केले आहे. तेथील हरितगृहांतल्या गुलाबालाही जाणते माणूस लागतेच. अर्थात यापैकी एकही वाट आपोआप उघडत नाही. परीक्षेच्या जागा थोड्या, उमेदवार फार. अभ्यासाचा कंटाळा असलेल्या मुलीला केवळ "सरकारी नोकरी मिळेल" म्हणून तिकडे पाठवू नये.

पैशाच्या हिशेबात मात्र बहुतेक घरे चुकतात. जवळचे ते स्वस्त आणि लांबचे ते महाग, असे धरले जाते. 2024-25 सालापासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सूट दिली आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुली तिला पात्र आहेत. जागा मात्र शासनाच्या प्रवेश फेरीतून मिळालेली हवी. व्यवस्थापन कोट्यातून घेतली तर ही सूट नाही, सगळी फी पदरची. जमिनीचे पैसे आलेल्या घरांकडे अशा जागांचे दलाल लवकर पोचतात, म्हणून हे ठळक सांगतो. ज्यांना सूट आहे त्यांच्यापुढे खरा खर्च उरतो तो राहण्या-जेवणाचा. जमीन थोडी असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी कॉलेजात अवश्य करावी.

जवळच्या कॉलेजलाही एक किंमत असते, ती कागदावर दिसत नाही. चाकणला रेल्वे नाही. मुलीला तळेगाव चौकातील कोंडीतून रोज जायचे आहे. तेव्हा एखाद्या सोमवारी सकाळी बापाने स्वतः बसने कॉलेजपर्यंत जाऊन यावे आणि घड्याळ पाहावे. जाता-येता तीन तास मोडत असतील, तर घरी राहण्याचा फायदा कितीसा उरला? तसेच आईने एकदा लांबच्या कॉलेजचे मुलींचे वसतिगृह पाहून यावे. खोली, पाणी, रात्रीचे दार किती वाजता बंद होते, हे आईच नीट विचारते. प्रयोगशाळा चालू आहे की कुलूप आहे, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडून कळते. माहितीपत्रकावर विसंबू नये.

पसंतीक्रमाचा अर्ज नेट-कॅफेवाल्याच्या हाती सोपवून घरी येऊ नका. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, पुढची फेरी मिळत नाही. 2025 साली अभियांत्रिकीला तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम होता. म्हणजे "टाकून ठेवू एक नाव" म्हणून वर लिहिलेले कॉलेजच गळ्यात पडू शकते. अर्ज मुलीने स्वतः भरावा, त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी ठेवून.

एका जागेची फी भरून ठेवली आणि नंतर दुसरी पसंत पडली, तर घाबरून जाऊ नये. ठरलेल्या तारखेच्या आत, ठरवून दिलेल्या पद्धतीने प्रवेश रद्द केला, तर हजार रुपयांपर्यंत रक्कम कापून बाकीची परत मिळते आणि मूळ कागदपत्रे कॉलेजला अडवता येत नाहीत. तारीख गेली की फीची ही सोय राहत नाही. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला यांसाठी बारावीतच धावपळ करा. जूनमध्ये तहसीलला किती गर्दी असते हे मी नव्याने सांगायला नको.

इतके सगळे झाल्यावर मुलीला समोर बसवून एकच गोष्ट विचारा: या दोन्हींपैकी कोणत्या विषयाचे पुस्तक तू सुट्टीतही उघडशील? ती लगेच बोलणार नाही. चुलत्यांना आणि मामांना त्या वेळी थोडे बाहेर ओट्यावर बसवलेले बरे.